तिसरं इंजिन

लग्नाकार्यात जेवणं आटोपली की कुणी ना कुणी भाचा मला हटकून गाठतोच. आत्या, माझ्या गाडीला टर्बो बसवला तर इंजिन किती बूस्ट सोसेल, आतलं काहीही न बदलता? पोरांना आकडा हवा असतो. मी आकडा सांगते आणि लगेच बजावते की मी सांगितला म्हणून विश्वास ठेवू नकोस, तुझं इंजिन वेगळं, त्याचं पेट्रोल वेगळं, त्याची आजवर झालेली हेळसांड वेगळी. मग पोरगं मोबाईल काढतं आणि माझ्यादेखतच दुसऱ्या कुणाला तरी तोच प्रश्न विचारतं. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात ऊन आणि नऊवारी साडी. पण मी गप्प बसते, कारण एकदा या विषयात माझं तोंड सुटलं होतं आणि त्याची आठवण अजून बोचते.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. मी औरंगपुऱ्यात एका खोलीत भाड्यानं राहायची आणि रोज स्कूटरवरून वाळूजला एका छोट्या कारखान्यात जायची. गावाकडे आमची चांगली बागायत, घरात ट्रॅक्टर. लहानपणी त्या ट्रॅक्टरखाली घुसून मी इतके परकर खराब केले की शेवटी आईनंच वडिलांना सांगितलं, हिला इंजिनिअर करा नाहीतर साबण तरी आणून द्या. तशी मी इंजिनिअर झाले. कारखान्यात ऑफिसच्या बाहेर काम करणारी बाई मी एकटीच, म्हणून सगळे मला जरा बिचकून असत, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं.

आमची एक टेस्ट रूम होती. मोठ्या गाड्यांच्या कंपन्या आपलं इंजिन आमच्याकडे पाठवायच्या आणि आम्ही ते ओट्यावर बांधून, त्याला पाण्याच्या ब्रेकचं ओझं लावून तास न् तास पळवायचो. मध्ये जाड भिंत, तिच्यात जाड काच, अलीकडे दाब-तापमान दाखवणाऱ्या घड्याळांचं पॅनल. पॅनलवर दोनच माणसं: आकडे वाचायला मी आणि ॲक्सिलरेटरच्या दांड्यावर मामा.

मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने ऑपरेटर. पन्नाशी ओलांडलेले, वैजापूरकडचे, घरचा धंदा मेंढरांचा. भाऊ अजून कळप घेऊन फिरतात; हे एकटे कारखान्यात आले. पण येताना काठी घेऊन आले. बाभळीची, डोक्यापर्यंत पोचेल एवढी उंच, धरून धरून गुळगुळीत झालेली. पॅनलच्या खालून एक लोखंडी चॅनल भिंतीतून थेट इंजिनाच्या ओट्यापर्यंत गेला होता. मामा काठीचं एक टोक त्या चॅनलवर टेकवायचे, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे अर्धे मिटून बसायचे. मला सुरुवातीला हसू यायचं. मी औरंगपुऱ्यातल्या औषधाच्या दुकानातून त्यांच्यासाठी डॉक्टरचा स्टेथोस्कोप आणला होता. त्यांनी तो मानानं घेतला, एक दिवस वापरला आणि दुसऱ्या दिवशी डबीत घालून परत दिला. म्हणाले, हे माणसाच्या छातीसाठी चांगलं आहे.

त्या वर्षी एका गाडीवाल्या कंपनीनं तीन इंजिनं पाठवली. साधी, चार सिलिंडरची, रस्त्यावर हजारोंनी धावणाऱ्या गाडीतली. प्रश्न एकच होता: आतलं काहीही न बदलता टर्बो लावला तर हे इंजिन किती बूस्ट सोसतं आणि आधी काय जातं? आधी काय जातं हे त्यांना जास्त हवं होतं. तेवढाच एक भाग मजबूत करायचा आणि गाडी बाजारात आणायची, असा त्यांचा बेत होता.

बूस्ट म्हणजे काय ते मी भाच्यांना असं सांगते. साधं इंजिन आपल्या दमानं हवा ओढतं, जेवढी मिळेल तेवढीच. टर्बोत मुठीएवढं एक चक्र असतं. सायलेन्सरकडे निघालेला जळका धूर त्याला फिरवतो आणि त्याच दांडीवरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून आतला भडका मोठा. हवा कोंबण्याचा तो दाब म्हणजे बूस्ट. एवढं पुस्तकात मीही वाचलं होतं. पण पहिल्यांदा ते चक्र पूर्ण वेगात गेलं तेव्हा मामांनी आतला दिवा बंद केला आणि मला काचेजवळ बोलावलं. बाहेर भर दुपार होती, पण त्या खोलीला खिडकी नव्हती, आत मिट्ट काळोख. त्या काळोखात टर्बोचं बिडाचं कवच आधी तांबूस दिसू लागलं, मग लाल, मग चुलीतल्या निखाऱ्यासारखं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी वस्तू माझ्यापासून चार हातांवर होती आणि तिला फिरवायला वाया जाणाऱ्या धुराखेरीज काहीही लागत नव्हतं. मी वेरूळला लहानपणापासून दहा वेळा गेले असेन, डोंगरात वरून खाली कोरलेलं ते देऊळ बघून दर वेळी माझी वाचा बसते. त्या दिवशी पहिल्यांदाच दुसऱ्या कशानं तरी तशी बसली. मामा म्हणाले, "बघा, आन् ह्यो समदा जाळ पोटात घिऊन ते इंजान गप उभं हाय."

काम असं चालायचं. पाऊण तास एका बूस्टवर पळवायचं, मग दाब थोडा वाढवायचा, परत पाऊण तास. तुटेपर्यंत. कागदावर लिहिलंच होतं, तुटेपर्यंत.

पहिलं इंजिन तुटलं तेव्हा मी पाण्याच्या तापमानाचा आकडा लिहीत होते. एक दणका बसला, काच थरथरली, आत धूर. पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणारा एक कनेक्टिंग रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला होता. आम्ही इंजिन उघडलं, तर आत नुसता चुरा. पिस्टनचे तुकडे, वाकलेले व्हॉल्व्ह, सगळं एकमेकांत कुटलेलं. रॉड तुटला म्हणून पिस्टन गेला की पिस्टन गेला म्हणून रॉड तुटला? ते तुकडे दोन्ही बाजूंनी साक्ष देत होते. दुसऱ्या इंजिनाच्या वेळी मी पॅनलवर दोन घड्याळं वाढवली आणि डोळ्यात तेल घालून बसले. ते आणखी वरच्या बूस्टला गेलं, म्हणून मी खुशीत होते, आणि मग तेही एका क्षणात गेलं. पुन्हा चुरा. दोन इंजिनं मोडून माझ्या हातात काय आलं, तर दोन वेगवेगळे आकडे आणि दोन पोती भंगार.

कारखान्याचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, शांत माणूस होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून शांतपणेच सांगितलं की शनिवारी अहवाल द्यायचा आहे. तिसऱ्या इंजिनातून उत्तर निघालं नाही तर हे काम पुण्याला जाईल, आणि हे काम गेलं तर टेस्ट रूम चालू ठेवण्यात अर्थ नाही. मला ते ड्रॉइंगच्या टेबलावर बसवणार होते. मामांना गेटवर. मी मामांना हे सांगितलं तेव्हा ते काठीकडे बघून म्हणाले की गेटवर काठी तर लागतेच.

बुधवारी सकाळी तिसरं इंजिन सुरू केलं. साहेबही येऊन मागे उभे राहिले. बूस्टची पहिली पायरी, दुसरी, तिसरी. इंजिन असं काही पळत होतं की आधीच्या दोघांचं दुःख मी विसरून गेले. कंपनीनं ज्या ओझ्यासाठी ते घडवलं होतं त्याच्या दीडपट ओझं ते ओढत होतं आणि त्याचं तेल, पाणी, सगळं जागच्या जागी. ओतीव लोखंडाचा एक ठोकळा, त्यात चार भोकं, आणि त्या भोकांत सेकंदाला शंभराच्या वर भडके. आतला हरेक तुकडा आपापल्या जागी राहून ते सोसत होता. ज्यांनी तो घडवला त्यांनाही ठाऊक नव्हतं की त्यात एवढी ताकद आहे. मी आकडे मोठ्यानं वाचत होते आणि प्रत्येक आकड्याचं मला नवल वाटत होतं.

पाचव्या पायरीवर बारा-पंधरा मिनिटं झाली असतील. घड्याळं ठीक होती. मामा काठी कानामागे धरून बसले होते, दुसरा हात दांड्यावर. अचानक त्यांनी दांडा मागे घेतला. आधी अर्धा, मग पूर्ण. बूस्टचा काटा खाली आला, इंजिन साध्या चालीवर आलं आणि मामांनी ते बंदच केलं.

मला वाटलं त्यांचा हात सटकला. मी म्हटलं, मामा, पुढे न्या. त्यांनी मान हलवली.

"नाय म्याडम. आता नगं."

मी विचारलं काय झालं, कुठलं घड्याळ चुकलं. म्हणाले, घड्याळ नाही चुकलं. मग काय? तर त्यांना नीट सांगता येईना. साहेब मागे उभे, शनिवार तोंडावर, शेवटचं इंजिन, आणि ज्या चाचणीच्या कागदावर तुटेपर्यंत लिहिलंय ती या माणसानं कुणाला न विचारता थांबवलेली. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी बोलून गेले.

"मामा, हा कारखाना आहे. तुमचा मेंढ्यांचा कळप नाही."

मामांनी काठी चॅनलवरून उचलली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. साहेब म्हणाले, इंजिन थंड होऊ द्या, उद्या सकाळी परत त्याच पायरीपासून चालवा. तेही निघून गेले.

मी एकटीच पॅनलपाशी राहिले. राग अजून उतरला नव्हता, आणि तो कोणावर आहे ते हळूहळू कळायला लागलं. आत इंजिन थंड होताना कडकड वाजत होतं. मी तासाभरानं बाहेर गेले. मामा भाकरी खात नव्हते, डबा नुसता उघडून समोर ठेवला होता. मी शेजारी दगडावर बसले. माफी मागायला हवी होती, पण आमच्या घरात ‘माझं चुकलं’ म्हणायची सवय लहानपणी कुणी लावली नव्हती. जमीनवाल्या घरात गडीमाणसांना तर नाहीच. मी फक्त विचारलं की तुम्ही काय ऐकलंत.

ते म्हणाले की चारही सिलिंडर सकाळपासून दणकून बोलत होते. मग तिसऱ्याचा सूर बदलला. मोठा नाही झाला, उलट दबका झाला, पाय दुखत असताना माणूस सांभाळून टेकवतो तसा. मी म्हटलं, एवढ्यावर थांबवलंत? तुटलं असतं तर कळलं असतं की काय तुटतं ते. तेव्हा त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि जे सांगितलं ते मला आज शब्दशः आठवतं.

"दिवाळीनंतर आम्ही गोदाकाठाला मेंढरं न्यायचो. बिऱ्हाड समदं घोडीवर. वाकळा, भांडी, कोंबड्या, वर लेकरू. वझं लई झालं की घोडी बसती. बसली की समद्यांला दिसतं. पर तिचं काय दुखलं, ते मग कुनालाच सांगता येत नाय, कारन मग तिचं समदंच दुखतं. बसायच्या आदी एकदा सांगती ती. तवाच वझं उतरायचं आन् हात फिरवून बघायचं."

दोन इंजिनं आम्ही बसेपर्यंत हाकली होती, आणि बसल्यावर त्यांचं सगळंच दुखत होतं. दोन पोती भंगार उपसून मला जे कळलं नव्हतं ते या माणसाला मेंढरांमागे फिरत होता तेव्हापासून ठाऊक होतं. मला एकीकडे लाज वाटत होती आणि दुसरीकडे त्यांच्याकडे बघतच राहावंसं वाटत होतं.

आता माझ्यापुढे पेच होता. उद्या परत चालवायचं, साहेबांनी सांगितलं तसं, की उघडायचं? उघडलं आणि आत काही निघालं नाही तर शनिवारच्या आत ते पुन्हा जोडून, हळूहळू चालवून, त्या पायरीपर्यंत नेणं शक्यच नव्हतं. म्हणजे टेस्ट रूम गेली, तीही एका दबक्या सुरापायी, जो मी ऐकलासुद्धा नव्हता. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, मी उघडते. त्यांनी विचारलं, कशाच्या जोरावर? मी म्हटलं, मामांच्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की जबाबदारी तुमची. मी म्हटलं, माझीच.

गुरुवारी आम्ही दोघांनी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, काढलं. त्याखालचा गॅस्केटचा पत्रा धड. सिलिंडरच्या भिंती धड. खालून नट सोडवून चारही पिस्टन वर काढले, पुसले, ओळीनं टेबलावर मांडले. चारही सारखे दिसत होते. तिसरा मी भिंग घेऊन तीनदा बघितला, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही. मामा शेजारीच उभे होते.

मग लाल रंग काढला. भेग शोधायची ती पद्धत साधीच असते: पातळ लाल रंग सगळीकडे फासायचा, जिरू द्यायचा, कोरडं पुसून घ्यायचं आणि वर पांढरी पावडर मारायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेला रंग वर येतो. मी चारही पिस्टनांवर पावडर मारली. ते सगळे पांढरेफटक, पिठात घोळवल्यासारखे. आम्ही वाट बघत होतो. पहिला पांढरा. दुसरा पांढरा. चौथा पांढरा. तिसऱ्यावर, वरच्या दोन रिंगांच्या खाचांच्या मधे जी अरुंद पट्टी असते तिथे, एक गुलाबी ठिपका आला. मग त्याच्याशेजारी दुसरा. मग ते ठिपके माझ्या डोळ्यांदेखत जुळत गेले आणि एक लाल रेघ उमटली, नखाएवढी लांब, केसाहून बारीक.

मी खुर्ची ओढून बसले. म्हणजे रॉड नाही, गॅस्केट नाही, ही पट्टी. आधी हीच जाते, आणि हिचा तुकडा पडला की तो मग बाकी सगळं कुटून काढतो. अहवालात लिहायला आकडा होता, भाग होता, आणि पुरावा टेबलावर पडला होता. साहेबांनी येऊन भिंगातून पाहिलं आणि बराच वेळ भिंग खाली ठेवलं नाही. टेस्ट रूम राहिली. अहवालात चाचणी थांबवण्याचं कारण असा एक रकाना असतो. तिथे मी लिहिलं: ऑपरेटरनं आवाजावरून थांबवली. कंपनीतून फोन आला की ते कुठलं यंत्र वापरलंत. मी म्हटलं, बाभळीचं.

पण माफीचं तसंच राहिलं होतं. मी रोज ठरवायची आणि रोज काहीतरी भलतंच बोलायची.

मामांनी साहेबांना विचारून त्या इंजिनात नवा पिस्टन घातला. जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं करत आठ-दहा दिवसांत जोडून काढलं. टर्बो काढून टाकला होता. ते आता त्याच्या मूळ दमानं चालणार होतं. पुढे ते पोरांना शिकायला म्हणून इथल्याच एका कॉलेजला दिलं. पण देण्याआधी आम्ही ते एकदा ओट्यावर सुरू केलं. मामांनी काठी लावून ऐकलं, मान डोलावली. मी त्यांच्याजवळ गेले आणि एकदाची सुरुवात केली की मामा, त्या दिवशी मी जे बोलले ते. त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. काठी माझ्या हातात दिली.

"आदी ऐका."

इतकी वर्षं शेजारी बसून मी ती काठी कधी हातात घेतली नव्हती. मी तिचं एक टोक चॅनलवर आणि दुसरं कानामागे टेकवलं. हाडातून एकदम जो गदारोळ आत शिरला त्यानं मी दचकले. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, चेन, पंप, पाण्याचा ब्रेक, सगळं एकाच वेळी माझ्या डोक्यात. पहिला कुठला, तिसरा कुठला, काहीसुद्धा वेगळं निघेना. मी डोळे मिटले, श्वास धरला, तरी नाही. आणि हे तर टर्बो नसलेलं, साध्या चालीवरचं इंजिन होतं. त्या दिवशी याच्या कितीतरी पट गोंगाट असणार. त्या गोंगाटातून या माणसानं केसाहून बारीक भेग ऐकली होती, आणि मी त्याला मेंढ्यांवरून बोलले होते.